लई पाणी पिऊन राहिली

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

तेहतीस वर्षं दैनंदिनी लिहिली. किती जनावरं तपासली, किती गाई भरवल्या, कोणत्या गावी दौरा झाला, सगळं लिहून महिनाअखेरीला साहेबांच्या सहीला पाठवायचं. त्यातले काही दौरे फक्त कागदावरच व्हायचे, हे साहेबांनाही ठाऊक होतं. ही वही कोणाच्या सहीला जायची नाही. म्हणून हिच्यात खरं तेच लिहायचं असं ठरवलं आहे.

जानेवारीअखेर निवृत्त झालो. आज पाडव्याच्या मुहूर्तावर अहमदपुरात, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, शटर वर केलं. पाटी लावली: 'पाळीव प्राणी दवाखाना. कुत्री, मांजरी, ससे, पोपट. डॉ. हणमंत, निवृत्त पशुधन विकास अधिकारी.' म्हैस मुद्दाम लिहिली नाही. सहा वर्षांपूर्वी जळकोटकडच्या एका गोठ्यात लाथ बसली, तेव्हापासून कंबर अमावस्या-पौर्णिमा पाळते. मोठी जनावरं आता पुरे.

सौदामिनी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे, अजून दोन वर्षं नोकरी आहे तिची. नारळ तिनेच फोडला आणि म्हणाली, "लोक स्वतःला दाखवायला नांदेडला जायचं तर चार महिने ढकलतात. मांजराला कोण आणतंय हो?" मी म्हणालो, काळ बदललाय. ती म्हणाली, बघू.

आज निरंक.

२ एप्रिल, बुधवार

आणखी दोन दिवस निरंक गेल्यावर आज पहिला पेशंट आला. पर्शियन मांजर, कान खाजवून खाजवून रक्त काढलेलं. कानात चहाच्या चोथ्यासारखा काळा मळ. कानातल्या किड्यांचं दुखणं आहे. कापसाने हळूहळू पुसून घेतलं, थेंब सोडले, आठ दिवसांनी परत आणा म्हणालो. तेवढ्यात त्या मांजराने माझ्या मनगटावर पाच रेघा ओढल्या. वळू आवरले मी, हे दीड वितीचं जनावर मला आवरलं नाही.

मालकीणबाईंची मुलगी सौदामिनीच्या वर्गात आहे असं बोलता बोलता कळलं. काय योगायोग असतो एकेक.

७ एप्रिल, सोमवार

लॅब्राडॉर, वय चार, वजन बावन्न किलो. जिना चढत नाही म्हणून आणला. काय खायला घालता विचारलं तर सकाळी सहा पोळ्या तूप लावून, दुपारी दूधभात, संध्याकाळी बिस्किटाचा पुडा, शिवाय जो पाहुणा येईल त्याच्या बशीतलं. मी म्हणालो, याला औषध नाही, याला उपास आहे. मालक तलाठी आहेत. त्यांचं स्वतःचं पोट बघून मी पुढचं बोललो नाही.

त्यांच्या आधी एक पिल्लू येऊन गेलं. गोठ्यात फवारायचं गोचिडाचं औषध घरच्यांनी तसंच्या तसं, पाणी न घालता चोळलं होतं. लाळ गळत होती, अंग कापत होतं. साबणाने चार पाण्यात धुतलं, इंजेक्शनं दिली, दुपारपर्यंत उभं राहिलं. त्या घरची बाई सारखी म्हणत होती, "आमी म्हशीला हेच लावतो की हो." मी तिला समजावलं, म्हैस ती म्हैस, कुत्रं ते कुत्रं. चांगलं समजावलं असं वाटलं.

तीही बाई सौदामिनीच्या शाळेकडच्याच गल्लीतली. त्या भागात माझं नाव बरंच झालेलं दिसतं. चांगलं काम लपत नाही.

१६ एप्रिल, बुधवार

आज एक गंमत झाली. पावणेसहा फुटांचा गडी, मिशा भरगच्च, डोक्याला पांढरा रुमाल बांधलेला, मोटारसायकलवरून उतरला आणि इकडेतिकडे बघत आत आला. सदऱ्याची वरची तीन बटणं उघडी आणि आतून एक पांढरंशुभ्र पॉमेरियन तोंड काढून बघत होतं.

"पोरीचं हाय," त्याने आधी सांगून टाकलं. "माझं न्हाई."

नाव व्यंकटराव. हाडोळतीकडच्या गावात शेती आहे, सात म्हशी आहेत. मुलगी वर्षाराणी लातूरला नीटच्या क्लासला. गेल्या साली थोडक्यात हुकलं, हा दुसरा प्रयत्न. चार मेला परीक्षा. जाताना तिने कुत्री बापाच्या हवाली केली आणि शब्द घेतला, की मी येईपर्यंत हिला काही होऊ द्यायचं नाही.

कुत्रीचं नाव रेवडी. वय पाच. आठ दिवस झाले खात नाही, निजून असते. मी ताप बघितला, किंचित होता. डोळे, हिरड्या बऱ्या वाटल्या. मग नेहमीचा प्रश्न विचारला: पाणी पिते का?

"पाणी लई पिऊन राहिली साहेब. घमेलंच्या घमेलं."

"मग चिंता नाही," मी म्हणालो.

"म्या बी तेच म्हणलो घरी. पाणी पितीय तवर जनावराला धोका न्हाई."

तेहतीस वर्षं हेच बघत आलो. बसलेल्या म्हशीने पाण्याला तोंड लावलं की गोठ्यातल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. जंताची गोळी दिली, भूक लागायचं पातळ औषध दिलं. व्यंकटराव जाताना सदऱ्याची बटणं लावून, कुत्री आत लपवून गेले. गावातले लोक हसतात म्हणे.

माणूस आवडला. आज काम चांगलं झालं.

२० एप्रिल, रविवार

व्यंकटरावांचा फोन. रेवडी अजून खात नाही. पाणी मात्र रात्रीतून दोन वाट्या संपवते, आणि कधी नव्हे ते घरात मुतून ठेवते. मी म्हणालो, बेचाळीस डिग्री ऊन आहे, तुम्ही आम्ही नाही का पीत? औषध चालू ठेवा.

"पोरीचा फोन आलता. रेवडी कशी हाय म्हणली. म्या म्हणलो, मजेत हाय."

"मजेतच आहे," मी म्हणालो.

२५ एप्रिल, शुक्रवार

आज लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो.

सकाळी शटर वर करायच्या आधीच व्यंकटराव पायरीवर बसलेले. या वेळी कुत्री सदऱ्यात लपवलेली नव्हती, उघडी मांडीवर होती, टॉवेलात. काल दिवसभर ओकली. आज मान उचलत नाही. पोट फुगून तट्ट. ताप एकशे चार. हिरड्यांचा रंग धुऊन विटलेल्या कापडासारखा झालेला.

पोटावर बोटं ठेवली तर आत दोन जाड नळ्या लागल्या. इतक्या जाड नळ्या त्या एवढ्याशा पोटात असायचं काही कारण नव्हतं. गल्लीच्या टोकाच्या एक्स-रेवाल्याला हात जोडले. टेबल फिनेलने पुसून द्यायच्या अटीवर त्याने फोटो काढून दिला. त्यात सगळं पोटभर पांढरं.

मुग्धाला फोन लावला. ही लातूरची पोरगी बारा वर्षांपूर्वी माझ्या हाताखाली सहा महिने शिकायला होती. आता लातुरात कुत्र्यामांजरांचा मोठा दवाखाना आहे तिचा. मी तेव्हा तिला म्हणालो होतो, कुत्र्यामांजरात काय ठेवलंय, सरकारी नोकरी बघ. फोटो पाठवला. तिने एक मिनिटही घेतलं नाही.

"सर, पाणी किती पीत होती?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"सर? आणि माजावर कधी होती?"

मी फोन छातीशी धरून व्यंकटरावांना विचारलं. ते म्हणाले, "होळीच्या वक्ताला."

सहा आठवडे. माज होऊन गेल्यावर गर्भपिशवीत पू भरतो, तो बाहेर यायला वाट नसली की अंगात भिनतो. कुत्री ढसाढसा पाणी पिते, सारखी मुतते, खाणं सोडते. पुस्तकात पहिल्या ओळीला आहे हे. परभणीला कॉलेजात मी स्वतः लिहिलं आहे पेपरात.

तेहतीस वर्षं रोज उठून ज्याने लोकांना 'माज कधी केला' हा एकच प्रश्न विचारला, त्याला तो प्रश्न नऊ दिवसांपूर्वी सुचला नाही. कारण समोर गाय नव्हती. आणि पाणी पिते म्हटल्यावर मी खूश झालो. त्या बाईला म्हणे मी समजावलं होतं, म्हैस ती म्हैस, कुत्रं ते कुत्रं.

मुग्धा म्हणाली, पिशवी काढावी लागेल, दुसरा उपाय नाही, आणि उद्याच्या पुढे थांबता येणार नाही. ती स्वतः नांदेडला मावसबहिणीच्या लग्नात आहे, सोमवारपर्यंत दवाखाना बंद. उदगीरला नेऊ का विचारलं तर म्हणाली, "या उन्हात, या अवस्थेत, मोटारसायकलवर? सर, वाटेतच जाईल. तुम्ही करा. म्हशीची सिझेरियन तुम्ही कंदिलावर केलीत, मी बॅटरी धरून उभी होते."

"म्हशीच्या पोटात कोपरापर्यंत हात जातो गं. इथं दोन बोटं जायची मारामार."

"मी फोनवर आहे," ती म्हणाली.

दिवसभर सलाईन चालू आहे. अँटिबायोटिक दिलं. शिवमूर्तीला जळकोटहून बोलावलं. तो माझा परिचर होता, तेवीस वर्षं माझ्यासोबत गोठे फिरला. पहाटेच्या पहिल्या एसटीने येतो म्हणाला.

व्यंकटरावांना सगळं सांगितलं. आजार सांगितला, ऑपरेशन सांगितलं, वाचेलच असं नाही हेही सांगितलं. एवढंच सांगितलं नाही, की हे सोळा तारखेलाच कळायला हवं होतं. सांगितलं असतं तर त्यांनी माझ्या हाती कुत्री दिली नसती आणि ती मेली असती, असं मी मनाला समजावतो आहे. ते पूर्ण खरं नाही. मला लाज वाटली.

ते एकच म्हणाले, "साहेब, नऊ दिवस राह्यलेत परीक्षेला. पोरीला कळलं तर ती पेपर सोडून यील. तिला म्या वळखतो."

२६ एप्रिल, शनिवार

वाचली.

आधी हे लिहून ठेवतो. वाचली. अजून धोका टळला असं मुग्धा म्हणू देत नाही, पण श्वास चालू आहे आणि आत्ताच तिने शेपटीचं टोक हलवलं. मी बघितलं, शिवमूर्तीनेही बघितलं.

सकाळी सहाला, ऊन चढायच्या आत सुरुवात केली. भुलीचं इंजेक्शन वजनावर. म्हशीला आपण नजरेने ठरवतो, थोडं इकडेतिकडे झालं तर म्हशीला पत्ता लागत नाही. इथं सुईवरची एकेक बारीक रेघ मोजायची. माझा वजनकाटा आहे मोठ्या कुत्र्यांसाठी, म्हणून कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या भामाबाईंचा तराजू आणला. चार किलो दोनशे. भामाबाईंनी टोमॅटो काढून तागडी पदराने पुसून दिली, आणि वजन होईपर्यंत हात जोडून उभ्या राहिल्या.

शिवमूर्ती आयुष्यभर शिंगं धरत आला. टेबलावरचा तो पांढरा गोळा बघून म्हणाला, "साहेब, ह्येला धरू तरी कुठं?"

"धरू नको. श्वास मोज आणि मोठ्याने सांग."

चीर घेतली. दोन मिनिटांत लाइट गेली. सौदामिनीने शाळेतून अर्धी रजा टाकली होती. तिला रक्त बघवत नाही, आमच्या लग्नापासून ठाऊक आहे मला. ती मोबाइलची बॅटरी दोन्ही हातांनी धरून, तोंड भिंतीकडे फिरवून उभी राहिली. उजेड बरोबर जागेवर. कसा, ते तिलाच माहीत.

पिशवी बाहेर घेताना घाम डोळ्यांत उतरला. पातळ, फुगलेली, बोटाचा जरा जोर झाला तर फुटेल आणि सगळा पू पोटात. मुग्धा फोनवर हळू आवाजात सांगत होती, "सर, घाई नको. ओढू नका. आधी डावी बाजू बांधा." पंचविशीतल्या पोरीला मी शिकवलं, आता तीच मला शिकवत होती, आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. फक्त तिचा आवाज बंद होऊ नये असं वाटत होतं. मध्ये एकदा शिवमूर्ती मोजता मोजता थांबला. मी ओरडलो. तो म्हणाला, "मीच श्वास घ्यायचा इसरलो साहेब, ती घेऊन राहिली."

तासाभराने पिशवी बाहेर आली. अखंड. सहाशे ग्रॅम भरली. चार किलोच्या कुत्रीत सहाशे ग्रॅम.

शेवटचा टाका घातला आणि लाइट आली. बाहेर पायरीवर व्यंकटराव बसले होते, रुमाल सोडून हातात धरलेला. मी नुसती मान डोलावली. हा एवढा गडी रुमालात तोंड घालून रडला. मग उठून म्हणाला, "पोरीचं हाय म्हणून हो, न्हाईतर कुत्र्यासाठी कोण रडतंय."

२७ एप्रिल, रविवार

रेवडी टाके चाटू बघते. परवाच्याच एक्स-रे फिल्मचा नरसाळ्यासारखा गळपट्टा कापून घातला. डोक्याभोवती स्वतःचंच पोट घेऊन पडली आहे बिचारी. ताप एकशे दोन. दोन चमचे ताकाचं पाणी ठेवलं पोटात.

दहा वाजता वर्षाराणीचा फोन आला. वसतिगृहात साधा फोन चालतो फक्त, तोही रविवारी दहा मिनिटं. व्यंकटरावांनी स्पीकर लावला. जेवलीस का, झोपलीस का, झालं. मग ती म्हणाली, "बाबा, रेवडीला द्या. तिचं भुंकणं ऐकलं की मला बरं वाटतं."

रेवडी सलाईन लावून आडवी. भुंकायची ताकद कुठली. व्यंकटराव माझ्याकडे बघायला लागले. त्यांच्या कपाळावरून घाम निथळत होता. फोनमधून पोरगी हाका मारत होती, "रेवडी! ए रेवडी!"

मी काय केलं ते लिहायला संकोच वाटतो, पण ही वही सहीला जायची नाही. मी भुंकलो. निवृत्त राजपत्रित अधिकारी, फोनजवळ तोंड नेऊन दोनदा भुंकलो. शिवमूर्ती तोंड दाबून बाहेर पळाला.

पलीकडच्या हाका थांबल्या.

"बाबा, तिचा आवाज घोगरा येऊन राहिला."

"उन्हाचं हाय, बाई."

"तिच्याजवळ कोण हाय?"

"म्या हाय. आजून दोघंतिघं हायेत."

"रात्री बी असता का?"

"हाव. हालत न्हाई म्या."

"बरं," ती म्हणाली. मग म्हणाली, "बाबा, तिला सोडून जाऊ नका."

फोन बंद झाल्यावर व्यंकटरावांनी सुस्कारा सोडला. "जमलं." मलाही वाटतं जमलं. पोरगी निश्चिंत मनाने अभ्यासाला बसली असेल.

२९ एप्रिल, मंगळवार

आज रेवडीने पातळ दहीभात खाल्ला. पाण्याची वाटी अर्धीच संपली. अर्धी वाटी पाणी उरलेलं बघून मला इतका आनंद होईल असं कधी वाटलं नव्हतं. दुपारी उठून चार पावलं चालली, गळपट्टा टेबलाच्या पायाला अडकला, तर टेबलावरच गुरगुरली. मुग्धाला सांगितलं. ती म्हणाली, "आता धोका टळला, सर."

सौदामिनीने शिरा केला. शिवमूर्ती तीन वेळा घेऊन संध्याकाळच्या गाडीने जळकोटला गेला.

मीही खाल्ला. गोड लागला नाही.

२ मे, शुक्रवार

रेवडी अक्षय्य तृतीयेला घरी गेली. आज व्यंकटरावांचा फोन. गावभर सांगून राहिलेत, की अहमदपूरच्या साहेबांनी मेलेलं जनावर उठवलं. टाके काढायच्या दिवशी सत्कार करायचा म्हणे. शाल, श्रीफळ, फेटा. गावातली चार माणसं येणार.

मी नको नको म्हणालो. त्यांना वाटलं मी विनयाने म्हणतो आहे. "तुमी नगं म्हणणारच की. मोठी माणसं आशीच असत्यात."

आमच्याकडे सत्कार कशाचाही होतो. बदली झाली तर होतो, बदली रद्द झाली तर होतो. माझे स्वतःचे अकरा झाले आहेत, घरात शाली ठेवायला जागा नाही. पण हा बारावा मला नको आहे. मी सोळा तारखेला नीट विचारलं असतं तर त्याच दिवशी निदान झालं असतं, एवढं फुगलं नसतं, जिवावर आलं नसतं. आधी मीच तिला मरणाच्या दारात नेलं आणि मग मागे ओढलं, त्यातलं फक्त ओढणं लोकांना दिसलं.

सौदामिनीला सांगितलं. ती वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "मग सांगा त्यांना."

"दवाखाना बंद पडेल."

"पडला तर पडेल."

सोपं आहे तिला म्हणायला. दवाखाना तिने थोडाच उभा केलाय.

४ मे, रविवार

आज परीक्षा. व्यंकटराव दोनला लातुरात केंद्राबाहेर उन्हात उभे होते, तिथूनच फोन. पाचनंतर पुन्हा फोन. पेपर चांगला गेला म्हणते. मग वाटेत पोरीला सगळं सांगितलं. ती रडली का विचारलं. म्हणाले, न्हाई, गप ऱ्हायली.

७ मे, बुधवार

आज सकाळी साडेनऊला आले. व्यंकटराव, गावातली पाच माणसं, वर्षाराणी आणि तिच्या कडेवर रेवडी. पोरगी वाळलेली, डोळ्यांखाली काळं. सौदामिनीला सुट्टी लागली आहे, तीही येऊन बसली.

आधी टाके काढले. जखम कोरडी, केस उगवायला लागलेले. रेवडी एकदाही ओरडली नाही, वर्षाराणीचा अंगठा तोंडात धरून पडून राहिली. गळपट्टा काढला तसं तिने सगळं अंग झटकलं आणि सगळे हसले.

मग व्यंकटरावांनी पिशवीतून केशरी फेटा काढला. मला खुर्चीत बसवलं, स्वतः मागे उभं राहून बांधायला सुरुवात केली. एकजण मोबाइलवर शूटिंग करत होता. दुसरा भाषण करायच्या तयारीत खाकरला. दोन वेढे झाले आणि माझ्याने राहवलं नाही.

"थांबा," मी म्हणालो. "मला बोलायचंय."

सांगितलं. सोळा तारीख सांगितली. काय विचारलं, काय विचारलं नाही, ते सांगितलं. वीस तारखेचा फोन सांगितला. "पाणी पिते म्हणून मी खूश झालो. तेच आजाराचं लक्षण होतं. पहिल्याच दिवशी मला कळायला पाहिजे होतं. माझी चूक जिवावर बेतणार होती, आणि ऑपरेशनच्या आधी हे तुम्हाला सांगायची मला हिंमत झाली नाही." शूटिंग करणाऱ्याने मोबाइल खाली घेतला.

व्यंकटरावांचे हात माझ्या डोक्यावर थांबलेले. मला त्यांचं तोंड दिसत नव्हतं.

"म्या बी तेच म्हणलो हुतो ना साहेब," ते म्हणाले. "पाणी पितीय, धोका न्हाई. दोघं बी म्हशीवालेच आपण."

"तुम्ही डॉक्टर नाही, व्यंकटराव. मी आहे."

"हाव," ते म्हणाले. "ते बी खरं हाय."

एवढंच. त्यांनी मला माफ केलं की नाही, मला अजून ठाऊक नाही. पण छातीवर बारा दिवस ठेवलेला दगड उतरला, हे मला तिथंच कळलं.

तेवढ्यात वर्षाराणी बोलली. रेवडीच्या पाठीवर हात होता तिचा, बघत होती जमिनीकडे.

"बाबा, पेपर चांगला न्हाई गेला."

भाषणवाला पुन्हा खाकरला.

"रविवारपासून तुमाला चांगला गेला, चांगला गेला म्हणून राहिले. न्हाई गेला. फिजिक्सचं मला काहीच सुचलं न्हाई. यंदा बी न्हाई होत. अन् मला तिसऱ्यांदा बसायचं न्हाई."

गावातल्या पाच माणसांसमोर. ज्या गावात बाप तीन वर्षं पोरगी डॉक्टर होणार म्हणून सांगत हिंडला, त्याच गावातली ती माणसं. मला वाटलं आता हा माणूस काहीतरी भलतं बोलणार. सौदामिनी उठून पोरीशेजारी जाऊन उभी राहिली.

फेट्याचं टोक ओढलं गेलं.

"साहेब, डोकं वाकवा," व्यंकटराव म्हणाले. "सुटून राहिला."

मी वाकवलं. ते बांधत राहिले. फेटा इतका आवळला की माझी कानशिलं ठणकायला लागली. शेवटचं टोक खोचलं, तुरा सरळ केला, शाल पांघरली, नारळ हातात दिला. सगळं रीतीप्रमाणे. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. मग ते मुलीकडे वळले.

"सकाळपासून काय खाल्लीस?"

"काही न्हाई."

"काल रात्री?"

तिने मान हलवली.

"मग चल. आधी जेव. बाकीचं मागून बघू."

सौदामिनी म्हणाली, आमच्याकडेच चला, भाकरी टाकते. सगळेच आले. पाट कमी पडले, माणसं जमिनीवर बसली. मी तसाच फेटा बांधून वाढत होतो. वर्षाराणी सुरुवातीला चिवडत होती, मग जेवायला लागली. दोन भाकऱ्या झाल्या, तिसरी घेतली, वर भात मागितला. व्यंकटराव समोर बसून तिच्या ताटाकडे बघत होते. सौदामिनीने त्यांना वाढू का म्हणून दोनदा विचारलं, त्यांना ऐकूच आलं नाही.